जिप्सीच्या कनेक्टिंग रॉडचे बोल्ट बदलताना

रॅलीसाठी जिप्सीचं इंजिन बांधायला आलं की गिऱ्हाईक कॅमवर, एक्झॉस्टवर, पिस्टनवर हात सैल सोडतं. कनेक्टिंग रॉडच्या आठ बोल्टांचा विषय काढला की मात्र 'जुने चांगलेच आहेत की' असं उत्तर येतं. दिसायला ते चांगलेच असतात. पण इंजिन चढ्या आरपीएमवर पळवायचं असेल तर आधी हे आठ बोल्ट बदला, बाकीची हौस मागाहून करा.

भार कुठून येतो ते एकदा डोक्यात बसलं की पुढचं काम समजतं. एमपीएफआय जिप्सीचं इंजिन १२९८ सीसीचं, स्ट्रोक ७५.५ मिलिमीटर. ६००० आरपीएमला प्रत्येक पिस्टन सेकंदाला १०० वेळा वरच्या टोकाला थांबून उलटा फिरतो. कॉम्प्रेशनच्या शेवटी डोक्यावर वायूचा दाब असतो, तोच त्याला खाली लोटतो. एक्झॉस्टच्या शेवटी वर दाब उरलेला नसतो. पिस्टन, रिंगा, पिन आणि रॉड यांना खाली ओढून आणायचं काम कॅप करते, आणि कॅप धरलेली असते दोन बोल्टांनी. त्या क्षणी ४०० ग्रॅम वजनाची ओढ ६०० किलोच्या वर जाते. शिवाय हा भार आरपीएमच्या वर्गाने वाढतो: ६००० वरून ७५०० ला गेलात की दीड पटीहून जास्त.

बोल्ट म्हणजे एक ताठ स्प्रिंग. या भारापेक्षा जास्त ताण देऊन तो बसवला असेल तर कॅप हलत नाही आणि बोल्टला दर फेरीचा हिसका जवळजवळ जाणवत नाही. ताण कमी पडला तर प्रत्येक फेरीला थोडी ओढ बसते, आणि लाखो फेऱ्यांनंतर तो आट्यांच्या मुळाशी थकून तुटतो. म्हणून भारी बोल्ट घेऊन अंदाजाने आवळला तर पैसे वाया गेले.

आधी रॉड कोणता आहे ते बघा. कॅप आणि रॉडमधला सांधा घासून सपाट केलेला असेल तर पुढची कृती चालते. अलीकडच्या बऱ्याच इंजिनांत रॉड तडकवून दोन भाग केलेले असतात. सांधा मोडलेल्या गुळाच्या ढेपेसारखा खरबरीत दिसतो. तो घासता येत नाही, त्यामुळे तिथे रॉडच बदलणं शहाणपणाचं. बोल्ट तुमच्याच रॉडसाठी बनवलेला सेट असावा. एआरपीसारखे उत्पादक ८७४० क्रोमोली पोलादाचे किंवा त्याहून मजबूत 'एआरपी २०००' मिश्रधातूचे बोल्ट देतात. जाडी-लांबी जुळते म्हणून दुसऱ्या इंजिनाचा बोल्ट घालू नका.

रॉड आणि कॅपवर सिलिंडरचे नंबर आहेत का ते खोलण्याआधीच पाहा. नसतील तर घाला, कारण कॅपांची अदलाबदल झाली की रॉड गेलाच. रॉड धुऊन चुंबकीय तपासणी करून घ्या. तडा असलेल्या रॉडला नवा बोल्ट वाचवत नाही.

जुने बोल्ट रॉडमध्ये दाबून बसवलेले असतात. ते प्रेसवर काढा, हातोडीने नको. नवा बोल्ट घालण्याआधी भोकाच्या कडेला बोट फिरवा. नव्या बोल्टच्या डोक्याखाली मोठी गोलाई असते. भोकाची कड धारदार राहिली तर डोकं त्या कडेवर चढून बसतं आणि नेमकं तिथूनच बोल्ट तुटतो. कडेची धार हलकेच मारा, बोल्ट प्रेसवर सरळ दाबा, आणि डोक्याखाली सगळ्यात पातळ फीलर शिरत नाही ना ते बघा.

यानंतरचा टप्पा सर्रास गाळला जातो, आणि माझा सगळा आग्रह त्याच्यासाठी आहे. नवे बोल्ट घातले की बिग एंडचं भोक पूर्वीचं राहत नाही. बोल्टच्या मधल्या जाड भागाने कॅप किंचित सरकते. ताण वाढल्याने भोक अंडाकृती होतं. माझ्याकडे असं एक इंजिन उघडायला आलं होतं. बोल्ट नवेकोरे, पण बेअरिंगच्या शेलवर सांध्याजवळ दोन्ही बाजूंना नखाएवढे चकचकीत पट्टे, बाकी शेल जसाच्या तसा राखाडी. ते पट्टे मी गिऱ्हाइकाच्या हातात दिले. वेगळं काही सांगावं लागलं नाही.

म्हणून रॉड इंजिन रिकंडिशनिंगच्या दुकानात न्या. कोल्हापूरच्या उद्यमनगरासारख्या ठिकाणी हे काम नीट करणारी माणसं आहेत. कॅपचा सांधा मिलिमीटरच्या काही शतांशच घासायचा, नवे बोल्ट शेवटच्या ताणाला आवळायचे आणि मग भोक मॅन्युअलमधल्या मापाला होन करायचं. घरी आणल्यावर डायल बोअर गेजने तीन दिशांना स्वतः माप घ्या.

आता आवळणं. टॉर्क पान्याने लावलेल्या जोरातला सुमारे दहावा हिस्साच बोल्ट ताणायला लागतो. बाकीचा आट्यांत आणि नटाखाली घर्षणात जातो. त्यामुळे इंजिन ऑइल लावून आणि बोल्टसोबत आलेलं वंगण लावून, एकाच टॉर्कला ताण वेगवेगळा येतो. खात्रीचा मार्ग म्हणजे बोल्ट किती लांबला ते मोजणं. प्रत्येक बोल्टला नंबर द्या, स्ट्रेच गेजने मोकळी लांबी घ्या आणि लिहून ठेवा. बोल्ट हातात धरून बसू नका, हाताच्या उबेनेही आकडा हलतो. आटे आणि नटाखालची जागा वंगणाने माखा. आवळा, सोडा, असं तीन-चारदा केलं की घर्षण स्थिरावतं. मग सेटच्या चिठ्ठीवर दिलेल्या वाढीपर्यंत न्या. ही वाढ वहीच्या एक-दोन पानांच्या जाडीएवढी असते. मिळालेला टॉर्कही शेजारी लिहा. कंपनीच्या बोल्टचा टॉर्क नव्याला लावायचा नाही.

प्रत्यक्ष बसवताना आट्यांवर रबरी नळीचे तुकडे चढवा, नाहीतर क्रँकच्या जर्नलवर ओरखडा पडेल. प्लास्टिगेजने फट मोजा, मॅन्युअलशी ताडून पाहा. प्रत्येक रॉड आवळल्यावर क्रँक हाताने एक पूर्ण फेरी फिरवा. जड लागला तर तिथेच थांबा, पुढचा रॉड घेऊ नका.

लांब्यांचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाडीच्या फाइलमध्ये ठेवा. पुढच्या वेळी इंजिन उघडलं की तेच बोल्ट पुन्हा मोकळे मोजायचे. एखादा मूळ लांबीपेक्षा ०.०२५ मिलिमीटरने वाढलेला सापडला तर तो फेकायचा.