कापलेले जाळे आणि सुटलेला जीव

मागच्या महिन्यात आमच्या अभ्यासगटाची बैठक भरली होती. विषय होता, 'निर्मितीची काळजी'. झाडे लावा, प्लास्टिक टाळा, असे नेहमीचे बोलणे चालू होते. तेवढ्यात दर्यावर जाणारे एक काका म्हणाले, “जाळ्यात कासव आलं तर काय करायचं, ते आम्हांला सगळे सांगतात. पण कासवासाठी जाळं कापलं तर नवं जाळं कोण घेऊन देणार, ते कोणीच सांगत नाही.”

बैठक गप्प झाली. आमच्यापैकी कोणालाच उत्तर ठाऊक नव्हते. प्राण्यांवर दया करा, असे कोरड्या जमिनीवर उभे राहून सांगणे सोपे असते. म्हणून आम्ही ठरवले की, या विषयाचा थोडा अभ्यास करायचा आणि जे हाती लागेल ते आपल्या धर्मग्रामातील बंधुभगिनींपुढे ठेवायचे.

कायदा काय सांगतो?

आपल्या देशात वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली झाला. या कायद्याला अनुसूची, म्हणजे प्राण्यांच्या व वनस्पतींच्या याद्या जोडलेल्या आहेत. पूर्वी अशा सहा याद्या होत्या. २०२२ साली कायद्यात दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि आता चार याद्या आहेत. पहिल्या यादीतील प्राण्यांना सर्वांत कडक संरक्षण आहे. त्यांची शिकार करणाऱ्यास तीन ते सात वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड होऊ शकतो.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. 'अमुक प्राणी धोक्यात आहे' असे शास्त्रज्ञांनी जाहीर केले म्हणजे त्याला आपोआप संरक्षण मिळत नाही. शास्त्रज्ञांची यादी ही धोक्याची घंटा असते. कायद्याच्या यादीत नाव आले की मगच पोलीस आणि न्यायालय त्या प्राण्याच्या पाठीशी उभे राहू शकतात.

आपल्या समुद्रातील कोण कोण पहिल्या यादीत आहेत? सर्व समुद्री कासवे, डॉल्फिन, देवमासे, करवतीसारखे लांब तोंड असलेला करवत मासा आणि मुशीच्या जातीतला सर्वांत मोठा मासा, व्हेल शार्क. कायद्याच्या दृष्टीने शिकार म्हणजे फक्त ठार मारणे नव्हे. पकडणे, सापळ्यात अडकवणे, कासवाची अंडी किंवा घरटे उकरणे हेही शिकारीतच मोडते.

घरट्यातील आई

हा विचार आपल्याला नवा नाही. जुन्या करारात अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात (२२:६-७) एक लहानसा नियम आहे. वाटेत पक्ष्याचे घरटे दिसले आणि आई अंड्यांवर किंवा पिल्लांवर बसलेली असली, तर पिल्लांबरोबर आईलाही नेऊ नये, तिला सोडून द्यावे. असे करणाऱ्याचे भले होईल व त्याला दीर्घायुष्य लाभेल, असे अभिवचनही तेथे आहे. आईबापांचा मान राखणाऱ्यालाही हेच अभिवचन दिलेले आहे.

नियम किती व्यवहारी आहे ते पाहा. भुकेल्या माणसाला काहीच घेऊ नको असे तो म्हणत नाही. परंतु जिच्यापासून उद्याची पिल्ले होणार, तिला हात लावू नको, असे बजावतो. आजचे कायदेही मुळात हेच सांगतात.

वेरावळच्या लेकीची गोष्ट

काकांच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला शेजारच्या गुजरात राज्यात सापडले.

सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर, वेरावळच्या आसपास, व्हेल शार्क दरवर्षी येतो. नावात शार्क असला तरी तो माणसाला खात नाही. तोंड उघडून पाणी घेतो आणि त्यातले बारीक जीव गाळून खातो. या माशाची तेथे मोठ्या प्रमाणावर शिकार होत असे. यकृताचे तेल होड्यांना लावायला वापरत. पुढे मांस परदेशी जाऊ लागले, तशी शिकार वाढली. मारताना पिंपे बांधून त्याला तरंगत ठेवत, म्हणून मच्छीमार त्याला 'बॅरल' म्हणत.

२००० साली माईक पांडे यांनी या शिकारीवर एक माहितीपट काढला. देशभर चर्चा झाली आणि २००१ साली व्हेल शार्कचे नाव पहिल्या अनुसूचीत आले. या कायद्याखाली संरक्षण मिळालेला तो पहिला मासा.

पण कागदावर नाव आले म्हणून समुद्रावर सर्व बदलले का? नाही. अनेक मच्छीमारांना कायद्याचा पत्ताच नव्हता. ज्यांना होता, त्यांच्यापुढे पोटाचा प्रश्न होता. म्हणून २००४ साली वन खाते, एक वन्यजीव संस्था आणि एक उद्योगसमूह यांनी मिळून मोहीम सुरू केली. रामकथाकार मोरारीबापू यांनी मच्छीमारांना एक साधी गोष्ट सांगितली. हा मासा म्हणजे बाळंतपणासाठी माहेरी आलेली लेक आहे, घरी आलेल्या लेकीला कोणी मारते का? 'बॅरल'चे नाव बदलून 'व्हाली', म्हणजे लाडकी, असे झाले.

गोड बोलण्यावरच हे काम थांबले नाही. व्हालीला सोडण्यासाठी ज्याने जाळे कापले, त्याला राज्य सरकार भरपाई देऊ लागले. पुढे मच्छीमारांना कॅमेरे देण्यात आले. अधिकारी येईपर्यंत माशाला जाळ्यात तडफडत ठेवण्याची गरज उरली नाही, फोटो हाच पुरावा झाला. मारणाऱ्यांच्याच हातांनी तेव्हापासून शेकडो व्हेल शार्क सुटले आहेत.

शिक्षेची भीती तर २००१ पासूनच होती. बदल घडला तो नुकसान वाटून घेतल्यावर.

आपल्या राज्यात

महाराष्ट्रातही अशी सोय आहे, हे आमच्यापैकी बहुतेकांना माहीत नव्हते. २०१८ साली राज्याने योजना आणली की, जाळ्यात अडकलेला संरक्षित समुद्री प्राणी जाळे कापून जिवंत सोडला, तर मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळावी. त्यासाठी प्राण्याचे व कापलेल्या जाळ्याचे फोटो लागतात. मत्स्यव्यवसाय खात्याच्या कार्यालयात किंवा आपल्या मच्छीमार सोसायटीत चौकशी करता येईल. मोठ्या जाळ्याला एवढे पुरत नाही, बुडालेला दिवसही भरून येत नाही, हे खरेच. पण 'कोणीच देत नाही' असे मात्र आता म्हणता येणार नाही.

विश्वासात न घेता केलेल्या संरक्षणाचे काय होते, हेही आपल्याच राज्याने पाहिले आहे. १९८७ साली मालवणच्या समुद्रात सागरी अभयारण्य जाहीर झाले. आपले पोट बंद होणार, या भीतीने मच्छीमारांनी त्याला विरोध केला आणि तो वर्षानुवर्षे चालला.

घर राखले तरच

प्राणी वाचवायचा आणि त्याचे घर मोडायचे, याला संरक्षण म्हणत नाहीत. आपल्या खाडीतली तिवरे पाहा. त्यांच्या मुळांत कोळंबी, चिंबोऱ्या आणि कितीतरी माशांची पिल्ले वाढतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली राज्यभर तिवरे तोडण्यास मनाई केली आणि त्यांच्यापासून ५० मीटरच्या आत बांधकामही थांबवले. सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालात न्यायालयाने तिवरांची नासधूस म्हणजे नागरिकांच्या मूलभूत हक्कांचा भंग ठरवला. तरीही रात्रीच्या अंधारात भरणी टाकण्याचे प्रकार घडतातच. समुद्रावरच्या माणसाने जाळे कापायचे आणि जमिनीवरच्या आपण मात्र घरदुरुस्तीचे डेब्रिज खाडीत लोटायचे, हा न्याय नव्हे.

आपल्या राज्यघटनेने निसर्गाचे रक्षण व सजीवांविषयी दया हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य मानले आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रकात पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकत्रच ऐकायला सांगितले. आमच्या बैठकीत काकांनी केले ते हेच. एका वाक्यात त्यांनी कासव आणि कोळी या दोघांची बाजू मांडली.

पुढच्या बैठकीत आम्ही त्यांना या योजनेची माहिती दिली. ते म्हणाले, “चला, विचारून तर बघू. पण अर्ज भरायला कोणीतरी आमच्याबरोबर या.” आमच्यातील दोघांनी लगेच होकार दिला.

समूहात चर्चेसाठी

१. अनुवाद २२:६-७ शांतपणे वाचा. या नियमात माणसाची गरज आणि आईचा जीव या दोहोंचा विचार कसा केला आहे?

२. निसर्ग राखण्यासाठी आपल्या धर्मग्रामात कोणाला झळ सोसावी लागते? ती वाटून घेण्यासाठी बाकीचे काय करू शकतील?

३. आपल्या विभागातील एखादी खाडी, तळे किंवा तिवरांचा पट्टा निवडा. तेथे भरणी किंवा कचरा पडत असेल तर तक्रार कोठे करायची, याची माहिती पुढील बैठकीपूर्वी मिळवा.