गावरान कोंबडी : ओळख, निपज व जतन
(इयत्ता ५ वी ते ७ वी, परिसर अभ्यास, सामान्य विज्ञान व गणित यांचा संयुक्त पाठ)

पाठाचा हेतू. कंधार तालुक्याने लाल कंधारी व देवणीने देवणी ही गोवंशाची नावे देशाला दिली. गावातील जाणता शेतकरी शिंगे, वशिंड व रंग पाहून बैलाची जात सांगतो. परंतु त्याच गोठ्याच्या कडेला उकिरडा उकरणारी कोंबडी कोणत्या वाणाची, हे सहसा कोणी विचारीत नाही. तिला ‘गावरान’ म्हणून सोडून देण्यात येते. ज्याला नाव नाही त्याची नोंद होत नाही, आणि ज्याची नोंद नाही ते नाहीसे झाल्याचे कळतही नाही. विद्यार्थ्यांनी आपल्या गावच्या कोंबड्या डोळसपणे पाहाव्यात, त्यांची नोंद करावी व वाण टिकविण्याचे शास्त्र समजून घ्यावे, हा या पाठाचा हेतू आहे.

विषयाचे महत्त्व. भूमिहीन कुटुंबात चार-पाच कोंबड्या हे घरातील बाईचे स्वतःचे धन असते. आठवडी बाजारात अंडी विकून तेल-मीठ येते, मुलाची वही येते. या कोंबडीला विकतचे खाद्य लागत नाही. किडे-मुंग्या, सांडलेले धान्य व उष्टेखरकटे यांवर ती जगते, घारीपासून पिल्ले राखते आणि स्वतः अंडी उबवून वंश वाढविते. ती वर्षाला पन्नास-साठ अंडी देते. कारखानदारी पद्धतीने पाळलेली संकरित कोंबडी तीनशेच्या आसपास देते. मात्र खुडूक बसलेली कोंबडी अंडी देणे थांबविते, म्हणून अधिक अंड्यांसाठी निवड करताना माणसाने त्या कोंबडीतून खुडूक होण्याचा गुण जवळजवळ काढून टाकला. एक गुण वाढविताना दुसरा कसा गमावला जातो, याचे याहून सोपे उदाहरण वर्गात देता येणार नाही.

नोंदलेल्या जाती. देशातील पाळीव पशुपक्ष्यांच्या जातींची नोंद कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरो करतो. ही संस्था १९८४ साली स्थापन झाली. तिच्या यादीतील तीन कोंबड्या आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असाव्यात. पहिली बुसरा. नंदुरबार-धुळे भाग व लगतचा गुजरात हे तिचे माहेर. ती अंगाने लहान, चपळ असून तिची अंडीही लहान असतात. दुसरी असील. आंध्र, छत्तीसगड व ओडिशाकडील हा उंच, ताठ मानेचा, आखूड तुऱ्याचा पक्षी. ‘असील’ या मूळ अरबी शब्दाचा अर्थच ‘अस्सल कुळाचा’ असा आहे. तिसरी मध्य प्रदेशातील झाबुआ भागाची कडकनाथ. तिची कातडी, मांस व हाडांवरील आवरणही काळे असते. २०१८ साली झाबुआच्या कडकनाथला भौगोलिक मानांकन मिळाले.

नांदेड वा लातूरच्या नावाने नोंदलेली कोंबडी या यादीत नाही. म्हणून येथे जतन करण्याजोगे काही नाही असे समजू नये. उघड्या मानेची कोंबडी अनेक गावांत आढळते. तिच्या मानेवर पिसे नसल्याने अंगातील उष्णता लवकर बाहेर पडते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हा गुण मोलाचा आहे. आई किंवा बाप यांपैकी एकाकडून हा गुण आला तर मानेच्या पुढल्या भागी पिसांचा लहानसा झुपका राहतो. दोघांकडून आला तर मान जवळजवळ बोडकी होते. अनुवंशाचा नियम असा अंगणातच वाचावयास मिळतो. वाटाण्यावर मेंडेलने शोधलेला नियम प्राण्यांनाही लागू पडतो, हे १९०२ साली विल्यम बेटसन या शास्त्रज्ञाने कोंबड्यांवरील प्रयोगांतूनच दाखविले.

वाण कसा नष्ट होतो? वाण दोन वाटांनी जातो. पहिली वाट सरमिसळीची. वनराजा, गिरिराजा, ग्रामप्रिया या सुधारित कोंबड्या परसात पाळण्यासाठीच तयार केलेल्या असून त्यांपासून कुटुंबाला लाभ होतो; त्यांना विरोध करण्याचे कारण नाही. परंतु त्यांच्या पुढील पिढीत मूळचे गुण जसेच्या तसे उतरत नाहीत, आणि त्यांचा नर गावात मोकळा फिरू लागला की गावरान वाणही शिल्लक राहत नाही. दोन्ही पाळावयाचे असल्यास खुराडी व चरण्याच्या जागा वेगळ्या ठेवाव्यात.

दुसरी वाट सहज दिसत नाही; ती रक्तसंबंधाची आहे. घरोघरी कोंबडे विकले वा कापले जातात आणि साऱ्या आळीत एकच कोंबडा उरतो. प्रत्येक पिल्लाचा निम्मा वारसा बापाकडून येतो. म्हणजे सर्व पिल्लांचा निम्मा वारसा एकाच पक्ष्याचा होतो. पुढे बाप-लेकी व भाऊ-बहिणी यांचे मीलन होऊन अंडी कमी फळतात व पिल्ले अशक्त निपजतात. हा धोका मोजण्याचे सूत्र सूअल राइट या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९३१ साली मांडले. नरांची संख्या, माद्यांची संख्या व चार यांचा गुणाकार करावा आणि त्यास एकूण पक्ष्यांच्या संख्येने भागावे. येणारा आकडा म्हणजे कळपाची परिणामी संख्या. फळ्यावर पुढील उदाहरणे सोडवून घ्यावीत. प्रत्येकात पक्षी चाळीसच आहेत.

१ कोंबडा, ३९ कोंबड्या : ४ × १ × ३९ ÷ ४० = ३·९
४ कोंबडे, ३६ कोंबड्या : ४ × ४ × ३६ ÷ ४० = १४·४
८ कोंबडे, ३२ कोंबड्या : ४ × ८ × ३२ ÷ ४० = २५·६

पहिल्या अंगणात डोळ्यांना चाळीस पक्षी दिसतात. अनुवंशाच्या हिशेबी ते चारसुद्धा नाहीत. ही गोष्ट विद्यार्थ्याने स्वतः गणित करून जाणली की ती तो घरी सांगितल्यावाचून राहणार नाही.

उपाय : कोंबड्याची फेरी. एका घराने दहा कोंबडे पाळणे परवडत नाही. परंतु चार गावांनी मिळून ते साधते. समजा, विष्णुपुरी, असर्जन व शेजारची आणखी दोन गावे यांत एकेका घरी एकाच वाणाचा एक कोंबडा व आठ-नऊ कोंबड्या आहेत. दरवर्षी पहिल्या गावचा तरुण कोंबडा दुसऱ्या गावी, दुसऱ्याचा तिसऱ्या, तिसऱ्याचा चौथ्या व चौथ्याचा पहिल्या गावी द्यावा. दिशा बदलू नये. कोंबड्या व तलंगा जागच्या हलवू नयेत. असे केल्याने कोंबडा आपल्या आई-बहिणींत राहत नाही. नवा कोंबडा तीन आठवडे वेगळा ठेवून मगच कळपात सोडावा. केवळ आकाराने मोठा म्हणून कोंबडा निवडू नये. ज्याची आई चांगली उबविते व पिल्ले राखते, असा निवडावा.

अंडी बसविणे. आठवड्याहून जुनी, फार मोठी, फार लहान वा वेडीवाकडी अंडी बसवू नयेत. एका खुडूक कोंबडीखाली दहा-बारा अंडी पुरतात. सातव्या रात्री अंधारात अंड्यामागे विजेरी धरावी. रक्तवाहिन्यांचे जाळे दिसले तर अंडे फळलेले, स्वच्छ दिसले तर न फळलेले. एकविसाव्या दिवसाच्या सुमारास पिल्ले बाहेर येतात. कडक उन्हाळ्यात अंडी लवकर बिघडतात. पावसाळा सरल्यापासून थंडी संपेपर्यंतचा काळ उत्तम.

रोग व दक्षता. मानमोडी म्हणजे राणीखेत रोग गावच्या गाव ओस पाडतो. त्याची लस पिल्लांना पहिल्या आठवड्यात द्यावी. पुढील मात्रा व देवीची लस पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्यावी. बर्ड फ्लूचे भारतातील पहिले निदान फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे झाले आणि लाखो पक्षी नष्ट करावे लागले. तो भाग बुसरा कोंबडीच्या माहेरचाच होय. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा गावात व जानेवारी २०२५ मध्ये उदगीर येथे कावळ्यांत हा रोग आढळला. एकाच ठिकाणी राखलेला वाण एका साथीत संपू शकतो. तोच चार गावांत विभागलेला असेल तर बीज उरते. साथीच्या काळात मात्र पक्ष्यांची ने-आण पूर्ण बंद ठेवावी. पाणपक्ष्यांकडून हा रोग येऊ शकतो, म्हणून जलाशयाच्या काठी कोंबड्या सोडू नयेत. मेलेल्या पक्ष्यास विद्यार्थ्यांनी मुळीच हात लावू नये व दवाखान्यास त्वरित कळवावे.

शिक्षकांस सूचना. शाळेत कोंबड्या आणू नयेत. निरीक्षण घरोघरी व्हावे आणि त्यानंतर हात साबणाने धुवावेत. वर्गात माळकरी कुटुंबांतील मुलेही असतात, मांसाहारी कुटुंबांतीलही. कोणाच्याही आहारावर टीका होऊ देऊ नये. ज्या मुलाच्या घरी खुराडे आहे, तो या पाठात वर्गाचा जाणकार ठरतो, आणि एरवी मागे बसणाऱ्या मुलास ही संधी क्वचितच मिळते. माहिती आजीकडून व आईकडून आणावयास सांगावे.

स्वाध्याय. (१) आपल्या आळीतील कोंबडे व कोंबड्या मोजून परिणामी संख्या काढा. (२) उघडी मान, उलटी पिसे, तुऱ्याचा आकार व पायांचा रंग यांचा तक्ता करा. (३) एका कोंबडीची वर्षभराची अंडी, बसविलेली अंडी, निघालेली पिल्ले व जगलेली पिल्ले यांची नोंद ठेवा. (४) पूर्वी गावात असलेली, आता न दिसणारी कोंबडी कशी होती, हे वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.

चौथ्या प्रश्नाची उत्तरे शाळेच्या दप्तरी जपून ठेवावीत. ज्यांनी ते पक्षी पाहिले ती माणसे वृद्ध झाली आहेत.