सर्किटचं गणित पाहून येत नाही

बेसिक इलेक्ट्रिकल म्हणा, सर्किट थिअरी म्हणा, या विषयाच्या वह्या फार देखण्या असतात. आकृती पट्टीने आखलेली, समीकरणं एकाखाली एक, उत्तराभोवती चौकट, शेजारी सरांची सही आणि तारीख. गणितं सगळी बरोबर. त्याच वहीचा मालक महिन्याभराने पेपरला बसतो, समोर तेच गणित येतं, फक्त रेझिस्टन्सचे आकडे बदललेले असतात, आणि त्याची गाडी दुसऱ्या ओळीपुढे सरकत नाही.

हा विषय मी आधी शिकलो, मग बरीच वर्षं शिकवला. सुट्टीत ब्राह्मणपुरीला आलो की गावातली आणि आसपासची डिप्लोमा-डिग्रीची पोरं वह्या घेऊन ओट्यावर येतात, त्यामुळे अजून तो सुटलेला नाही. मी आलेल्या पोराची वही मिटवून बाजूला ठेवतो, कोरा कागद देतो आणि म्हणतो, "यातलं तुला सगळ्यात चांगलं येणारं गणित काढ." पुष्कळांना आकृतीच आठवत नाही. ज्यांना आठवते त्यांना बॅटरीचं प्लस टोक कुठे होतं ते आठवत नाही. हुशार पोरं आहेत ही. दहावीला गणितात नव्वदच्या पुढे असलेली आहेत. मग होतं काय?

माझ्या वेळची एक हकिगत सांगतो. तेव्हा आमचा शहादा तालुका धुळे जिल्ह्यातच होता. नंदुरबार जिल्हा १९९८ मध्ये वेगळा झाला. मी बाहेरगावी होस्टेलला होतो. असाइनमेंटची पद्धत सगळीकडे असते तीच: साऱ्या वर्गाला एकच गणितं, एकच शेवटची तारीख. आदल्या रात्री एकाची वही खोल्याखोल्यांतून फिरायची. त्यातलं एक गणित मला आजही तोंडपाठ आहे. डावीकडे १२ व्होल्टची बॅटरी, तिच्यापुढे २ ओहम. मधोमध खाली उतरणारा ३ ओहम. उजवीकडे ६ ओहम आणि त्याच्यामागे ६ व्होल्टची दुसरी बॅटरी. दोन्ही बॅटऱ्यांची प्लस टोकं वर, मायनस खाली, आणि खालची तार सगळ्यांना सामाईक. मधल्या नोडचं व्होल्टेज काढा.

ज्याची वही फिरली त्याने घाईत दुसऱ्या बॅटरीचं चिन्ह उलटं धरलं होतं. त्याचं उत्तर आलं ५ व्होल्ट. त्या रात्री होस्टेलमधल्या सगळ्यांचं उत्तर ५ व्होल्ट आलं, माझंही. सरांनी सगळ्यांना सही दिली. गठ्ठा मोठा होता, त्यांना तरी काय दोष द्यायचा!

ओरलला बाहेरचे परीक्षक आले. त्यांनी नेमकं तेच पान उघडलं आणि सौम्यपणे विचारलं, "ही सहा व्होल्टची बॅटरी पॉवर देते आहे की घेते आहे?" मी गप्प. माझ्यानंतरचाही गप्प. त्यांनी उत्तर चुकलं असं म्हटलंच नाही. तेवढा एकच प्रश्न ते प्रत्येकाला विचारत गेले.

हे गणित इथे पुरतं सोडवून पाहू, कारण अभ्यास कसा करायचा ते सगळं यात आहे. नोडचं व्होल्टेज 'व्ही' धरा. नोडमधून बाहेर जाणाऱ्या तिन्ही करंटची बेरीज शून्य:

(व्ही − १२)/२ + व्ही/३ + (व्ही − ६)/६ = ०

सहाने गुणलं की ६ व्ही = ४२, म्हणजे व्ही = ७. मोठ्या बॅटरीतून येणारा करंट (१२ − ७)/२ म्हणजे २.५ अँपिअर. त्यातला ७/३, म्हणजे सुमारे २.३३, मधून खाली जातो. उरलेला ०.१७ उजवीकडे जातो आणि छोट्या बॅटरीत प्लस टोकाने शिरतो. म्हणजे ती बॅटरी पॉवर घेते आहे, चार्ज होते आहे. परीक्षकांना हवं होतं ते एवढंच.

आता आमचं ५ व्होल्टवालं उत्तर घ्या. डावीकडून ३.५ अँपिअर येतात, मधून १.६७ जातात, उजवीकडे १.८३. बेरीज करून बघा, ३.५ बरोब्बर जुळते. पोरं इथेच फसतात. ज्या समीकरणातून उत्तर काढलं त्याच समीकरणात ते परत घातलं तर जुळणारच, त्याने ताळा होत नाही. ताळा करायचा तो पॉवरचा, आणि तोही मूळ आकृतीकडे बघून. १२ व्होल्टची बॅटरी ३.५ अँपिअर देते, म्हणजे ४२ वॅट. तीन रेझिस्टन्समध्ये जळतात २४.५, ८.३३ आणि २०.१७, म्हणजे एकूण ५३ वॅट. शिवाय आकृतीप्रमाणे छोटी बॅटरी आणखी ११ वॅट घेते. बेचाळीस दिले आणि चौसष्ट खर्च झाले! बरोबर उत्तराला हाच हिशेब ३० दिले आणि १२.५ + १६.३३ + ०.१७ + १ असे ३० च खर्च, असा चोख बसतो. हा ताळा करायला दोन मिनिटं लागतात. आमच्या होस्टेलमध्ये त्या रात्री ती दोन मिनिटं कुणीच दिली नाहीत.

म्हणून पहिली गोष्ट: पुस्तकाच्या शेवटी छापलेलं उत्तर बघण्याआधी आपलं उत्तर बरोबर आहे की नाही हे आपण ठरवायचं. 'बरोबर, कारण पॉवर जुळली' किंवा 'चूक, पण कुठे चुकलं ते सापडत नाही' असं पेन्सिलीने लिहायचं आणि मग मागचं पान उघडायचं. माझ्या मते होमवर्क असतो तो यासाठीच. उत्तर तर छापलेलं आहेच, ते पुन्हा वहीत आणून कुणाचं भलं होणार?

यात किरखॉफची गोष्ट मला नेहमी सांगावीशी वाटते. ज्यांच्या दोन नियमांवर हा विषय उभा आहे ते गुस्ताव किरखॉफ यांनी ते नियम १८४५ मध्ये मांडले तेव्हा ते क्योनिग्सबर्गच्या विद्यापीठात विद्यार्थी होते, वय एकवीस. फ्रान्झ नॉयमान या प्राध्यापकांच्या सेमिनारसाठी करायला घेतलेल्या अभ्यासातून ते काम झालं. म्हणजे तुम्ही ज्याला केसीएल आणि केव्हीएल म्हणता तो मुळात एका पोराचा होमवर्क आहे, आणि त्याच्याकडे तर मागचं पानच नव्हतं.

आता नक्कल का होते ते पाहू. आळशीपणा म्हणून हात झटकणं सोपं आहे, पण मला ते पटत नाही. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये डेव्हिड प्रिचर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भौतिकशास्त्राच्या पहिल्या कोर्समधल्या ऑनलाइन होमवर्कच्या नोंदी तपासल्या आणि २०१० मध्ये त्यावर निबंध छापला. शेवटची वेळ जवळ येते तशी नक्कल वाढत जाते, सत्र पुढे सरकतं तशीही वाढते, आणि जे जास्त नक्कल करतात ते तशाच प्रकारच्या गणितांत परीक्षेला मागे पडत जातात, असं त्यात दिसलं. त्याहून मला महत्त्वाचं वाटलं ते त्यांनी काढलेलं कारण: पोरं होमवर्कला उशिरा बसतात आणि मग वेळ उरत नाही. जगातली निवडक पोरं जिथे जातात तिथे हे, तर आपल्याकडचं काय सांगावं?

आपल्याकडे उशिरा बसण्याला घरची कारणंही असतात. केळी, पपई, ऊस यांचा हा भाग. शेताला थ्री फेज लाइट कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी असली की घरातल्या तरण्या पोराला वाफ्यावर जावंच लागतं, त्याचा दुसऱ्या दिवशी पेपर असो की नसो. हे मी बदलू शकत नाही, तुम्हीही नाही. पण सर्किटच्या गणिताचे दोन तुकडे करता येतात, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. ज्या दिवशी असाइनमेंट मिळते त्याच दिवशी फक्त आकृत्या काढून घ्यायच्या. हाताने, पट्टीशिवाय, मोठ्या. प्रत्येक नोडला नाव, प्रत्येक फांदीत करंटचा बाण, प्रत्येक रेझिस्टन्सवर बाण जिथून शिरतो तिथे प्लस. गणित सोडवायचं नाही. पाच गणितांना अर्धा तास पुरतो. मग दोन दिवसांनी, डोकं ताजं असताना, समीकरणं मांडायची. विषयातला कठीण भाग पहिल्या अर्ध्या तासातच उरकलेला असतो. पुढची आकडेमोड कॅल्क्युलेटरसुद्धा करतो.

बाण कोणत्या दिशेने काढू, हा प्रश्न हमखास येतो. कुठल्याही. चुकीच्या दिशेने काढलात तर उत्तर उणे येईल, एवढंच. उणे उत्तर म्हणजे चुकलेलं उत्तर नव्हे. पण एकदा काढलेला बाण गणिताच्या मधेच फिरवायचा नाही. उणे दोन अँपिअर आले की घाबरून बाण उलटा करायचा आणि आधीची समीकरणं तशीच ठेवायची, हा प्रकार मी इतका पाहिला आहे की कागद हातात घेताच माझी नजर खाडाखोड केलेल्या बाणाकडे जाते.

सोडवलेली उदाहरणं वाचण्याबद्दल. बी. एल. थेराजांचं जाडजूड पुस्तक आमच्या पिढीच्या प्रत्येक खोलीत होतं, आजही असतं, आणि त्यात सोडवलेल्या उदाहरणांचा खजिना आहे. तो वाचताना सगळं समजतं. समजणारच, लिहिणाऱ्याने पुढची पायरी आधीच ठरवलेली असते. ती कशी ठरवली, नोड मेथड का घेतली, मेश का नाही, हे त्या पानावर नसतं. तेव्हा उदाहरणाची फक्त आकृती उतरवा, पुस्तक मिटा, अडेपर्यंत स्वतः जा. अडलात की एकच ओळ बघा आणि पुन्हा मिटा. आयआयटी मद्रासच्या नागेंद्र कृष्णपुरांची 'बेसिक इलेक्ट्रिकल सर्किट्स' ही व्याख्यानं एनपीटीईएलवर फुकट आहेत, फार नेटकी आहेत. ती पाहतानाही हाच नियम. सर आकृती काढतात तिथे व्हिडिओ थांबवायचा.

आता मोबाइल. गणिताचा फोटो काढला की पायऱ्यांसकट उत्तर समोर येतं. मी पोरांना मोबाइल वापरू नका म्हणत नाही, कोण ऐकणार? पण फोटोतली बॅटरी तोही उलटी वाचू शकतो, आणि तितक्याच ठामपणे ५ व्होल्ट सांगू शकतो. तेव्हा आपलं उत्तर आणि आपला पॉवरचा ताळा कागदावर झाल्यावरच त्याला विचारा. दोन उत्तरं वेगळी आली तर भांडा. त्या भांडणात जे शिकाल ते कुठल्याही क्लासमध्ये मिळणार नाही.

मागे एक डिप्लोमाचा पोरगा थ्री फेजचं गणित घेऊन आला. ५ एचपीची मोटर, ४१५ व्होल्ट, पॉवर फॅक्टर ०.८, एफिशिअन्सी ८५ टक्के, लाइन करंट काढा. त्याने काढला १३.२ अँपिअर. आमच्याकडे मोटरी दुरुस्त करणारे एक भाऊ तेव्हा चहाला बसले होते. शाळा त्यांनी लवकर सोडलेली. म्हणाले, "पाच एचपी तेरा अँपिअर घ्यायला लागली तर रात्रीतून वाइंडिंग जळेल. साडेसात घेते ती." हिशेब न करता कसं सांगितलं, असं पोराने विचारलं. "एचपीला दीड अँपिअर," भाऊ म्हणाले. मग आम्ही कागद पाहिला. ४,३८८ वॅटला ४१५ आणि ०.८ ने भागलं होतं, वर्गमूळ तीनने भागायचं राहिलं होतं. तेही भागल्यावर आले ७.६.

तो पोरगा शेतात अशीच मोटर रोज चालू करतो. स्टार्टरजवळच्या मीटरवरचा काटा त्याने शेकडो वेळा पाहिलेला आहे. पण वहीतली मोटर आणि बांधावरची मोटर एकच, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तेव्हा गणित सुरू करण्याआधी अंदाजाने एक आकडा कोपऱ्यात लिहा. चुकला तरी चालेल. उत्तर त्याच्या दुप्पट किंवा निम्मं आलं तर थांबून कारण शोधा. थेव्हेनिनचा सिद्धांत असाच अंगणात करून बघता येतो. मोटरसायकल बंद असताना बॅटरीचं व्होल्टेज मल्टिमीटरने मोजा, मग चावी फिरवून बॅटरीवर चालणारा दिवा लावून पुन्हा मोजा. समजा १२.६ चे १२.३ झाले आणि दिवा ३ अँपिअर घेतो, तर बॅटरीच्या आतला रेझिस्टन्स ०.१ ओहम. फ्रान्सच्या तारखात्यातल्या लिऑन थेव्हेनिन यांनी १८८३ मध्ये जे मांडलं ते दोन रीडिंगमध्ये हातात येतं. मात्र हे प्रयोग बारा व्होल्टवरच. घरच्या बोर्डात किंवा डीपीजवळ मीटरच्या पिना घेऊन कुणीही जायचं नाही, आणि मल्टिमीटरची लाल वायर करंटच्या भोकात ठेवून व्होल्टेज तर कधीच मोजायचं नाही.

गटाने अभ्यास करावा का? करावा, पण सगळ्यांचं आपापलं करून झाल्यावर. तिघे असाल तर एकाने नोडने सोडवावं, एकाने मेशने, तिसऱ्याने सुपरपोझिशनने. तिघांचं उत्तर एक आलं तर चहा प्या. सुपरपोझिशनवाल्याला मात्र आठवण करून द्या की पॉवर अशी वेगवेगळी काढून मिळवता येत नाही, फक्त व्होल्टेज आणि करंट मिळवता येतात. या एका चुकीवर दरवर्षी किती मार्क वाहून जातात!

राहता राहिला एसी सर्किटचा भाग, फेझर आणि 'जे'. तिथे निम्म्या चुका विषयाच्या नसून कॅल्क्युलेटरच्या असतात. ३ + जे४ चा कोन ५३.१३ अंश यायला हवा, ०.९२७ आला तर मशीन रेडियनवर आहे. मागच्या पेपरला कुणीतरी मागून नेलेला कॅल्क्युलेटर तसाच परत आलेला असतो. हॉलमध्ये बसल्यावर, प्रश्नपत्रिका हातात यायच्या आधी, हे एक गणित त्यावर करून बघावं.