सर्च सर्व्हर बंद का पडतो? मेमरी आणि थ्रेडची मर्यादा

आपल्या व्यापारी बांधवांपैकी अनेकांनी आता कापड, चप्पल, अत्तर असा माल वेबसाइटवर मांडला आहे. गिऱ्हाईक एक शब्द लिहिते आणि हजारो नगांतून हवा तो माल समोर येतो. हे काम सर्च सर्व्हर करतो. सोलर व २०१० साली आलेला इलॅस्टिकसर्च हे त्यांतले प्रचलित. दोन्ही जावावर चालतात. ऐन ईदच्या खरेदीत हा सर्व्हर बसला तर गिऱ्हाईक थांबत नाही, दुसरे दुकान गाठते. अशा वेळी "रॅम वाढवा" हा सल्ला हमखास मिळतो. तो नेहमीच बरोबर असतो असे नाही. म्हणून मालकानेही थोडी माहिती ठेवावी.

हीप म्हणजे जावाला कामासाठी वेगळी काढून दिलेली मेमरी. थ्रेड म्हणजे प्रोग्रामच्या आत एकाच वेळी राबणारे हात. आमच्या धंद्याच्या भाषेत बोलायचे तर हीप ही कारखान्याची जागा आणि थ्रेड हे कारागीर. घोटाळा असा की दोहोंपैकी काहीही कमी पडले तरी जावा 'आउट ऑफ मेमरी' असेच ओरडते. खरे कारण पुढच्या शब्दांत असते. तेवढे वाचावे.

१) पुढे 'जावा हीप स्पेस' असेल तर हीप भरला आहे. एकाच मागणीत फार मोठा निकाल किंवा जड बेरजा मागितल्या जात आहेत का, हे आधी पाहावे. मग हीप वाढवावा, पण एकूण रॅमच्या निम्म्याहून जास्त देऊ नये. १६ जीबीच्या मशीनवर ८ जीबी पुरे. उरलेली मेमरी फुकट जात नाही. शोधाच्या फायली हाताशी ठेवण्यासाठी लिनक्स ती वापरते.

२) पुढे 'अनेबल टु क्रिएट नेटिव्ह थ्रेड' असेल तर हीपचा दोष नाही. नवा थ्रेड देण्यास लिनक्सने नकार दिला आहे. प्रत्येक थ्रेडला हीपच्या बाहेर जागा लागते, ६४ बिट लिनक्सवर साधारण १ एमबीपर्यंत. म्हणून इथे हीप वाढवला तर दुखणे वाढण्याचाच संभव. थ्रेडची मर्यादा तपासावी. इलॅस्टिकसर्चला किमान ४०९६ हवी. ही मोजणी प्रोग्रामवार नसून युजरवार होते. वेबसाइट व सर्च एकाच युजरखाली चालत असतील तर दोघे एकाच कोट्यातून खातात. त्यांना वेगळे युजर द्यावेत.

३) काहीच संदेश न ठेवता सर्व्हर नाहीसा झाला तर लिनक्सच्या कर्नेलची नोंदवही पाहावी. मशीनची मेमरी संपली की कर्नेल मोठा खाणारा प्रोग्राम स्वतःच मारते. इथे हीप कमी करणे, किंवा खरोखरच रॅम वाढवणे, हा उपाय.

४) ४२९ हा आकडा येत असेल तर सर्व्हर जिवंत आहे, पण रांग भरली आहे. इलॅस्टिकसर्च प्रोसेसरच्या संख्येच्या दीडपट अधिक एक इतके शोध-थ्रेड ठेवते. ४ प्रोसेसरना ७. पुढे १००० मागण्यांची रांग. माग चारच असताना कारागीर दुप्पट केले म्हणून कापड दुप्पट निघत नाही. मागण्या हलक्या कराव्यात किंवा मशीन वाढवावे.

मर्यादा बदलताना एक गोष्ट हमखास निसटते. टर्मिनलवर बदललेली मर्यादा सिस्टिमडीने सुरू होणाऱ्या सर्व्हिसला लागू होत नाही. ती सर्व्हिसच्या फाइलीतच लिहावी लागते, आणि तिथे 'टास्क्स मॅक्स' ही वेगळी मर्यादाही पाहावी लागते. मग सर्व्हर पुन्हा सुरू करून, चालू प्रोसेसला प्रत्यक्ष किती मर्यादा मिळाली ते 'प्रोक' मधील 'लिमिट्स' फाइलीत वाचावे.

तरीही थ्रेड रोज वाढतच राहिले तर गळती शोधावी. वेबसाइटचा प्रोग्राम प्रत्येक मागणीला नवे कनेक्शन-साधन उघडतो आणि बंद करत नाही, हे नेहमीचे कारण. अशा वेळी मर्यादा वाढवणे म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणे. एकच साधन उघडून तेच सर्वांसाठी वापरावे.

तेव्हा बांधवांनो, कारागिराला पैसे देण्याआधी त्याच्याकडून दोन गोष्टी मागून घ्या: संदेशाची पूर्ण ओळ आणि थ्रेडची आठवड्याची मोजणी. मोजमाप चोख ठेवणे ही आपल्याला दीनने दिलेली शिकवण आहे. तराजूला जे लागू, ते यंत्रालाही लागू.