प्रतिबंधक औषध आणि माणसाची सोय

रोग झाल्यावर धावाधाव करण्यापेक्षा तो होऊच न देणे बरे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. एचआयव्ही या विषाणूच्या बाबतीत हे कितपत साधले आहे, याचा आम्ही येथे थोडक्यात विचार करणार आहोत. भारतात हा विषाणू प्रथम आढळला तो १९८६ साली, मद्रासेत. तो हुडकून काढणाऱ्या डॉ. सुनीती सॉलोमन या तेथे स्थायिक झालेल्या गायतोंडे या मराठी कुटुंबातील कन्या होत.

टेनोफोविर व एम्ट्रिसिटाबिन या दोन द्रव्यांच्या गोळीस २०१२ साली अमेरिकेत प्रतिबंधक औषध म्हणून मान्यता मिळाली. ही द्रव्ये विषाणूस पेशीत आपली प्रतिकृती करू देत नाहीत. त्यामुळे तो शरीरात शिरला तरी त्यास ठाण मांडता येत नाही. मात्र ही लस नव्हे. पेशींत औषध पुरेसे असेल तोवरच संरक्षण. म्हणून रक्त तपासून, वैद्याच्या सल्ल्याने, गोळी रोज घ्यावयाची.

रोजचा हा नेम सर्वांस जमत नाही. फ्रान्स व कॅनडातील पुरुषांवर झालेल्या प्रयोगात संबंधापूर्वी २ ते २४ तास दोन गोळ्या, त्यानंतर २४ तासांनी एक व आणखी २४ तासांनी एक असा क्रम ठेवला. संसर्ग ८६ टक्क्यांनी घटल्याचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु ही सवलत स्त्रियांस लागू पडत नाही. योनिमार्गाच्या पेशींत हे औषध कमी प्रमाणात पोहोचते. इस्ट्रॅडिऑल हे संप्रेरक घेणाऱ्या तृतीयपंथी व्यक्तींसही रोजच्याच गोळीचा सल्ला दिला जातो.

मग स्त्रियांनी काय करावे? दक्षिण आफ्रिका, युगांडा व झिंबाब्वे येथील एका प्रयोगात स्त्रियांना रोजची गोळी दिली. पण थोड्यांच्याच रक्तात औषध सापडले. त्यांना आळशी म्हणणे सोपे आहे. घरात गोळ्यांची बाटली दिसली की लोक आपणांस रोगीच समजतील, ही धास्ती अनेकींच्या मनात होती. दोष केवळ घेणाऱ्याचा नव्हता. औषधाचे रूपच तिच्या संसारात बसत नव्हते.

यावरील उत्तर म्हणजे लेनाकापाविर हे वर्षातून दोनदा टोचावयाचे औषध. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, दक्षिण आफ्रिका व युगांडातील ते घेणाऱ्या २,१३४ मुली व तरुणींपैकी एकीलाही संसर्ग झाला नाही. पुरुष व तृतीयपंथी यांच्यावरील दुसऱ्या प्रयोगातही ते गुणकारी ठरले. जून २०२५ मध्ये अमेरिकेने त्यास मान्यता दिली. पण तेथील किंमत वर्षास २८ हजार डॉलरांहून अधिक! हैदराबादच्या दोन कंपन्यांनी मात्र २०२७ पासून १२० देशांसाठी ते वर्षास सुमारे ४० डॉलरांत पुरविण्याचे २०२५ मध्ये जाहीर केले.

यावरून एक गोष्ट ध्यानी येते. औषध प्रयोगशाळेत यशस्वी झाले म्हणजे काम संपत नाही. ते घेणाऱ्याच्या शरीरास मानवले पाहिजे, खिशास परवडले पाहिजे आणि चारचौघांत त्याला मान खाली घालावी लागता कामा नये. पहिल्या दोन गोष्टी शास्त्रज्ञ व कारखानदार पाहतील. तिसरी आपल्या हाती आहे.