पैलवानाच्या गुडघ्याला कुठली कंडरा?

प्रश्न : माझा मुलगा 19 वर्षांचा, तालमीत कुस्ती करतो. डाव टाकताना गुडघा पिळवटला. एमआरआयमध्ये एसीएल (गुडघ्याच्या आतले लिगामेंट) तुटल्याचे दिसले. मांडीमागची कंडरा काढून नवे लिगामेंट करू, असे डॉक्टर म्हणतात. मांडी अधू होईल का? कुंडलच्या कुस्ती मैदानात तो पुन्हा उतरेल का?
– एक वाचक, पलूस (जि. सांगली)

उत्तर : मांडी अधू होणार नाही. चालण्या-पळण्यात फरक पडत नाही. मात्र गुडघा पूर्ण दुमडून खेचण्याची ताकद थोडी उणावते, आणि पैलवानाला नेमकी तीच लागते. म्हणून वाटीखालच्या कंडरेबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. तिच्या दोन्ही टोकांना हाडाचा तुकडा असतो, त्यामुळे नवे लिगामेंट बसवण्यासाठी हाडात पाडलेल्या बोगद्यात हाडाला हाड लवकर सांधते. पण पुढे गुडघे टेकताना दुखू शकते, आणि कुस्तीत गुडघे टेकावेच लागतात! अशा वेळी वाटीवरची कंडरा हा तिसरा पर्याय मला जास्त पटतो.

कंडरा कोणतीही घ्या, बोगदे मूळ लिगामेंटच्या जागीच पडायला हवेत. गुडघ्यातली गादी (मेनिस्कस) फाटली असेल आणि शिवण्याजोगी असेल, तर ती त्याच वेळी शिवून घ्यावी.

कुस्तीगीर विनेश फोगटच्या गुडघ्यावर ऑगस्ट 2023 मध्ये मुंबईत हीच शस्त्रक्रिया झाली; वर्षभरात तिने पॅरिस ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी गाठली. मुलालाही आशा आहे, पण घाई नको. नवे लिगामेंट सुरुवातीचे काही महिने उलट कमकुवत होत जाते. नऊ महिन्यांआधी लढत नाही, आणि त्यानंतरही या पायाची ताकद दुसऱ्याच्या किमान 90 टक्के भरल्यावरच. वस्तादांना हे आजच सांगून ठेवा.