नोंदींची पडताळणी : इतिहासाचा एक पाठ

वरच्या इयत्तांस पहिले महायुद्ध शिकविताना सनावळीच्या पुढे जावयाचे असेल, तर फ्रान्समधील फ्रोमेल या खेड्याची हकीकत शिक्षकांस उपयोगी पडेल.

१९ व २० जुलै १९१६ रोजी तेथे झालेल्या लढाईत ऑस्ट्रेलियाचे ५,५३३ सैनिक मृत, जखमी, बंदी अथवा बेपत्ता झाले. युद्ध संपल्यावर रणभूमीवरील मृतदेह शोधून पुरण्यात आले. तथापि शेकडो जणांचा ठावठिकाणा लागला नाही.

सुमारे ८५ वर्षांनंतर मेलबर्न येथील शिक्षक व हौशी इतिहाससंशोधक लॅम्बिस एंग्लेझोस यांनी बेपत्ता सैनिकांची यादी आणि दफनभूमीतील अनामिक कबरींची संख्या ताडून पाहिली. मेळ बसेना. मग उरलेले सैनिक गेले कोठे? काही मृतांविषयीची माहिती जर्मनांनी रेडक्रॉसमार्फत कळविली होती. म्हणजे ते देह त्यांच्याच हाती लागले असले पाहिजेत. विमानातून घेतलेल्या जुन्या छायाचित्रांत जर्मन हद्दीतील फेझंट वूड या झाडीलगत खड्ड्यांची रांग दिसत होती. नंतरच्या छायाचित्रांत त्यांतील काही खड्डे बुजलेले होते.

अधिकाऱ्यांस हा पुरावा आरंभी पुरेसा वाटला नाही. एंग्लेझोस व त्यांचे सहकारी चिकाटीने कागद जुळवीत राहिले. २००८ साली चाचणीदाखल केलेल्या उत्खननात अवशेष आढळले व २००९ साली २५० देह बाहेर काढण्यात आले. २०१० साली प्रत्येकास स्वतंत्र कबर मिळाली. आप्तांच्या डीएनए नमुन्यांशी तुलना करून आजवर दीडशेहून अधिक जणांची नावे निश्चित झाली आहेत. या शोधात कुदळ लागली ती शेवटी. आरंभी लागली ती वजाबाकी, हे विद्यार्थ्यांच्या ध्यानी आणून द्यावे.

स्वाध्याय : महाराष्ट्रातील काही गावांत १९१४ ते १९१९ च्या युद्धास गेलेल्या व तेथे कामी आलेल्या पुरुषांची संख्या कोरलेला शिलाफलक आहे. पुष्कळदा त्यावर नावे नसतात. असा फलक जवळपास असल्यास विद्यार्थ्यांनी तो उतरून घ्यावा, वृद्धांस विचारावे व घरोघरची जुनी कागदपत्रे पाहावीत. ऐकीव माहिती व लेखी पुरावा वेगवेगळ्या रकान्यांत लिहावा; तर्क पुराव्याच्या रकान्यात घालू नये. एक जरी नाव खात्रीने मिळाले, तरी ते शाळेच्या दप्तरी नोंदवून ठेवावे.